'संवाद साधा' म्हणजे नेमके काय करा?

संपादक महोदय,

निवडणूक आटोपली, दंगल शमली किंवा सभागृह गोंधळात तहकूब झाले की वर्तमानपत्रांतून एक सल्ला हमखास दिला जातो: दोन्ही बाजूंनी सामंजस्याने संवाद साधावा. हेतू चांगलाच असतो. पण कोणी कोणाशी, किती वेळ, कोणते प्रश्न घेऊन आणि कोणाच्या देखरेखीखाली बोलावे, याचा त्यात पत्ता नसतो. मग कोणीतरी उत्साहाने बैठक बोलावते, पंधराव्या मिनिटाला 'तेव्हा तुम्ही कुठे होता?' सुरू होते आणि 'बघितलंत ना, यांच्याशी बोलून उपयोग नाही' अशी पक्की खात्री करून माणसे घरी जातात. पुढच्या वेळी बोलावले तर ती येत नाहीत. मध्यस्थांना शिकवण्याचे काम आम्ही करतो; त्यातले उपयोगी पडेल तेवढे इथे लिहितो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. लवाद दोघांचे ऐकून निकाल देतो. मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांना आपसात तोडगा काढायला मदत करतो. कोण बरोबर हे तो मनातही ठरवत नाही, निदान खोलीत असेपर्यंत. बोलीभाषेत मात्र मध्यस्थी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मांडवली येते: थोडे तू सोड, थोडे तो सोडेल, विषय मिटला. पैशांच्या भांडणात हे चालून जाते. राजकीय मतभेदात अडते, कारण न्यायाची कल्पना किंवा स्वतःची ओळख निम्मी-निम्मी वाटून घेता येत नाही. संवाद हा तिसराच प्रकार. त्यात काहीच ठरवायचे नसते. समोरचा असे का मानतो हे त्याच्याच तोंडून समजून घ्यायचे असते. या तिन्हींपैकी काय होणार आहे, हे निमंत्रणातच लिहावे. संवाद म्हणून बोलावून शेवटी ठरावाचा कागद पुढे सरकवला, तर निम्मे लोक आपल्याला फसवले असे समजून उठतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

मते जागची न हलता संवादातून काय साधते, यासाठी अमेरिकेतल्या बोस्टनचे उदाहरण बघावे. ३० डिसेंबर १९९४ रोजी बोस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये गर्भपाताची सोय असलेल्या दोन दवाखान्यांवर एका बंदूकधाऱ्याने गोळीबार केला. दोन स्त्रिया मारल्या गेल्या. राज्याचे गव्हर्नर आणि बोस्टनचे कार्डिनल (कॅथलिक चर्चचे तिथले प्रमुख) या दोघांनीही, दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी एकमेकांशी बोलावे असे आवाहन केले. 'पब्लिक कॉन्व्हर्सेशन्स प्रोजेक्ट' या संस्थेने गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या तीन आणि विरोधातल्या तीन अशा सहा नेत्या १९९५च्या सप्टेंबरात गुपचूप एकत्र बसवल्या. ठरल्या होत्या चार बैठका. त्या चालल्या पाच वर्षांहून जास्त, मिळून दीडशे तासांवर, आणि जानेवारी २००१मध्ये सहाजणींनी मिळून वर्तमानपत्रात लेख लिहीपर्यंत बाहेर कोणाला सुगावा नव्हता.

सुरुवातीलाच गाडी अडली ती शब्दांवर. पोटातल्या जिवाला म्हणायचे काय? एका बाजूचा शब्द दुसरीच्या कानाला सहन होईना. शेवटी 'मानवी गर्भ' या शब्दावर त्या राजी झाल्या, काहीजणी नाखुशीनेच. एकमेकींचा उल्लेख मात्र, जी बाजू स्वतःला जे नाव देते त्याच नावाने करायचा असे ठरले. गर्भपाताबद्दल एकीचेही मत पालटले नाही. उलट आपापली भूमिका आपल्याला अधिक स्पष्ट झाली, असे त्यांनी लिहिले आहे. फरक पडला तो जाहीर बोलण्यात. आणि हिंसेचे समर्थन करणारा परराज्यातला एक माणूस बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात येणार असे कळल्यावर गर्भपातविरोधी बाजूच्या नेत्यांनीच 'येऊ नकोस' असे त्याला कळवले.

अशा कामातली बरीचशी मेहनत बैठकीआधीची असते. येणाऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे अर्धा तास तरी बोलावे, फोनवर चालेल. विचारायचे ते असे: आधीच्या चर्चांमध्ये कुठे बिनसले होते, समोरच्याने कोणता शब्द वापरला की डोके फिरते, काय घडले तर येणे सार्थकी लागले असे वाटेल, आणि स्वतःची कोणती सवय त्या दिवशी आवरून धरणार. शेवटचा प्रश्न कोणालाच आवडत नाही, पण उत्तर देतात. या बोलण्यातून टाळायच्या शब्दांची यादी मिळते, बैठकीचे नियम मिळतात आणि कोणाला बोलावू नये हेही समजते. ज्याला समोरच्याला उघडे पाडायचे आहे, तो पहिल्या पाच मिनिटांत तसे सांगूनच टाकतो.

संख्या दोन्हीकडची सारखी हवी, पाच-पाच ते सात-सात. नऊविरुद्ध चार झाले तर चौघे बचावात जातात आणि त्यांच्यातला सर्वांत तिखट माणूस आपोआप प्रवक्ता होतो. ऐनवेळी गळती होतेच, म्हणून प्रत्येक बाजूचा एकेक माणूस राखीव ठेवावा. तरी तोल गेला तर जास्तीच्यांनी त्या दिवशी मागे बसून ऐकावे. मध्यस्थ दोन, शक्यतो वेगवेगळ्या राजकीय कलांचे. 'आमचा राजकारणाशी संबंधच नाही' म्हणणारा मध्यस्थ आम्ही घेत नाही, कारण त्याचा कल खोलीतल्या सगळ्यांना दिसतो आणि त्याला एकट्याला दिसत नाही. वेळ तीन तास, मध्ये पंधरा मिनिटांची सुटी. टेबल नको. गोलात खुर्च्या, दोन्हीकडचे लोक एकाआड एक. फोन बंद, कॅमेरा नाही, पत्रकार नाही (संपादक महोदय, क्षमस्व). इथे काय बोलले गेले ते बाहेर सांगता येईल, कोण बोलले ते सांगायचे नाही, एवढा गुप्ततेचा नियम बहुतेक ठिकाणी पुरतो. जिथे नुसते 'मी तिथे होतो' एवढे कळल्यानेही माणूस अडचणीत येईल, तिथे बोस्टनसारखी संपूर्ण गुप्तता लागते.

आता प्रश्नांविषयी. 'स्थलांतरितांबद्दल तुमचे मत काय?' असे विचारले की पक्षाचे पत्रक ऐकायला मिळते. त्याऐवजी वर सांगितलेल्या संस्थेने रुळवलेले तीन प्रश्न, त्याच क्रमाने घ्यावेत. तुमच्या आयुष्यात असे काय घडले, की या विषयाशी तुम्ही इतके जोडले गेलात? या विषयाचा गाभा तुमच्या दृष्टीने कोणता? आणि तुमच्या स्वतःच्याच भूमिकेत तुम्हाला कुठे शंका येते, कुठे ओढाताण होते? प्रत्येकाला प्रत्येक प्रश्नासाठी दोन ते तीन मिनिटे, घड्याळ लावून. बोलायचे नसेल तर 'पुढे चला' म्हणायची मुभा. तिन्ही फेऱ्या संपेपर्यंत कोणी कोणाला काही विचारायचे नाही. दोन उत्तरांच्या मध्ये अर्धा मिनिट शांतता ठेवावी. नवखे मध्यस्थ नेमके तिथे घाबरून काहीतरी बोलतात आणि सगळे उथळ करून टाकतात. क्रम बदलू नये. शंकेचा प्रश्न आधी घेतला तर कबुलीजबाब मागितल्यासारखा वाटतो. दोन फेऱ्या आपले कोणी तोडून न टाकता ऐकले, हे बघितल्यावरच माणूस स्वतःच्या पक्षातली खोट बोलून दाखवतो.

त्यानंतर एकमेकांना विचारायची वेळ येते, आणि तिथे 'तुम्हाला असं नाही का वाटत, की...' हा प्रकार सुरू होतो. तो प्रश्न नसतो. प्रश्नचिन्ह लावलेले भाषण असते. मध्यस्थाने न रागावता एवढेच विचारावे, 'याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे का?' असेल तर प्रश्न बदलून घ्यावा.

ऐकले की नाही, याची परीक्षा ऐकलेले परत सांगण्यात होते. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५१मध्ये एक प्रयोग सुचवला होता. वाद चालू असताना थांबा आणि नियम करा: समोरच्याचे म्हणणे आणि त्यामागची भावना, त्याचे समाधान होईल इतक्या नेमकेपणाने सांगितल्याशिवाय आपले बोलायचे नाही. वाचायला सोपे आहे. करायला बसले की घाम फुटतो. समजा, एकजण म्हणाला, "सरकार फुकट पैसे वाटतंय आणि लोक आळशी होतायत." ऐकणारा घाईने म्हणतो, "म्हणजे गरिबांना उपाशी ठेवायचं, असंच ना?" हे झाले आरोपपत्र. दुसरा जरा शिकलेला असतो, तो म्हणतो, "सरकार फुकट पैसे वाटतंय असं तुम्हाला वाटतंय." ही पोपटपंची, समोरच्याला आपली टर उडवताहेत असे वाटते. तिसरा म्हणतो, "तुम्ही राबून कमावता आणि त्या कष्टांची किंमत कोणी धरत नाही, याचा तुम्हाला राग येतो. बरोबर कळलं का मला?"

यावर तो माणूस क्षणभर थांबतो. "किंमत नाही हो. मान. पैशांचं जाऊ द्या, पण नियमानं कर भरणाऱ्याला लोक मूर्खात काढतात."

ऐकणाऱ्याचा अंदाज चुकला होता, आणि ते बरेच झाले. चूक दुरुस्त करताना त्या माणसाने घोषणा सोडून स्वतःचे वाक्य उच्चारले. अनुदान योग्य की अयोग्य, हा वाद जिथल्या तिथे आहे. पण आता मानाबद्दल बोलता येईल; आणि अनुदानासाठी रांगेत उभे राहून पुन्हा पुन्हा तेच कागद दाखवावे लागणाऱ्यांची तक्रारही पुष्कळदा मानाचीच असते. बारीक खूण सांगायची तर, परत सांगितल्यावर समोरचा 'हो, हो' असे दोनदा भरभर म्हणाला तर त्याचा अर्थ 'पुरे करा' असा असतो. 'हो... हेच' असे सावकाश आले, की पुढे जावे.

मध्यस्थ शब्द बदलतो तेव्हा त्याने बोलण्याची धार काढावी, वजन काढू नये. 'हे लोक देश विकायला निघालेत' याचे 'देशाचे निर्णय बाहेरचे लोक घेतील, अशी तुम्हाला भीती वाटते' असे केले तर बोलणाऱ्याला ते आपले वाटते. 'तुम्हाला थोडी चिंता आहे' असे केले तर तो आवाज आणखी चढवतो, कारण पहिल्या वेळी पोचले नाही अशी त्याची समजूत होते. मवाळ शब्द वापरून खोली शांत करायला निघालेले मध्यस्थच ती तापवतात, हे आमच्या धंद्यातले जुने दुखणे आहे.

काहींना पहिल्या दिवशी समोरासमोर बोलणे झेपत नाही. त्यांच्यासाठी दोन वर्तुळांची पद्धत आहे. तिला 'फिशबोल' म्हणतात. २०१६च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर महिनाभरात, ओहायो राज्यातल्या साउथ लेबननमध्ये ट्रम्प यांचे दहा आणि हिलरी क्लिंटन यांचे अकरा मतदार एकत्र बसले होते. त्यातूनच पुढे 'ब्रेव्हर एंजल्स' या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली आणि तिने या पद्धतीचा प्रसार केला. एक बाजू आतल्या वर्तुळात, दुसरी बाहेरच्या. आतल्यांनी आपसात दोन प्रश्नांवर बोलायचे: आपल्या बाजूची धोरणे देशासाठी चांगली का आहेत, आणि आपल्याच बाजूबद्दल आपल्याला काय खटकते. बाहेरच्यांनी अवाक्षर काढायचे नाही. मग जागांची अदलाबदल. शेवटी दोघांनी, काय नवे कळले एवढेच सांगायचे. त्यांचा आणखी एक खेळ आहे: समोरचे लोक आपल्याबद्दल काय काय समजतात, असे चार-पाच समज प्रत्येक बाजूने आपणच लिहायचे, त्यात चूक काय, खरे काय, आणि त्या समजाला थोडाफार आधार कुठे आहे, हेही आपणच लिहायचे. संयोजक उत्साहात येऊन याचे 'समोरच्यांचे दोष लिहा' असे करतात, तेव्हा सगळे मुसळ केरात जाते.

या समजांचे मापही घेतले गेले आहे. 'मोअर इन कॉमन' या संस्थेने २०१९मध्ये अमेरिकेतल्या दोन पक्षांच्या समर्थकांची पाहणी प्रसिद्ध केली. विरोधी बाजूचे साधारण ५५ टक्के लोक टोकाची मते बाळगतात असा दोघांचाही अंदाज होता. प्रत्यक्षात ते ३० टक्क्यांच्या आसपास निघाले.

काही ठरवायचेच असेल तर तंत्र बदलते. दोघांच्या मागण्या मांडून मधला आकडा काढण्यापेक्षा एकच मसुदा फिरवावा. मध्यस्थ दोघांच्या गरजा विचारतो, स्वतः कच्चा मसुदा लिहितो आणि 'मान्य आहे का?' असे विचारतच नाही. 'यात काय खुपते?' असे विचारतो. सुधारतो, पुन्हा दाखवतो. मान्यता मागितली की माणूस लगेच सौद्याला बसतो. दोष काढायला सांगितले की मदतीला येतो. १९७८च्या सप्टेंबरात कॅम्प डेव्हिडला, म्हणजे अमेरिकी अध्यक्षांच्या विश्रामस्थळी, इजिप्त आणि इस्रायलसाठी असे २३ मसुदे झाले, १३ दिवसांत. इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन सुरुवातीच्या भेटींत असे भिडले, की पुढचे बहुतेक दिवस मध्यस्थ असलेले अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर आणि त्यांचे सहकारीच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. समोरासमोर बसवल्याशिवाय मध्यस्थी होत नाही, हा गैरसमज आहे. उत्तर आयर्लंडच्या वाटाघाटीत ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्या अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे प्रतिनिधी, आयर्लंडच्या एकीकरणाची मागणी करणाऱ्या शिन फेन पक्षाशी थेट बोलत नसत, अध्यक्षांना उद्देशून बोलत. अध्यक्ष होते अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल. तरीही १० एप्रिल १९९८ला करार झाला आणि २२ मेच्या सार्वमतात तिथल्या ७१ टक्के मतदारांनी तो स्वीकारला. खोलीत येण्याची अट मात्र आधीच, १९९६मध्ये, स्पष्ट लिहिलेली होती: फक्त लोकशाही आणि शांततेचे मार्ग, बंदुकीची भीती घालून वाटाघाट नाही.

वाद वस्तुस्थितीचाच असेल तर भावना परत सांगत बसून काही होत नाही. कागदावर तीन रकाने करावेत: दोघांना मान्य, एकालाच मान्य, दोघांनाही ठाऊक नाही. तिसरा रकाना सहसा सर्वांत लांब निघतो. दुसऱ्यातली एकच बाब उचलावी आणि आकडे बघण्याच्या आधी दोघांना विचारावे, की कोणाची आकडेवारी चालेल आणि ती काय निघाली तर तुम्ही म्हणणे बदलाल. हे नंतर विचारले तर आकडे पाहून माप बदलले जाते.

कुठे थांबायचे हेही सांगायला हवे. ज्याच्यावर हल्ला झाला आहे त्याला, हल्ल्याचे समर्थन करणाऱ्याचे 'ऐकून घ्या' म्हणणे ही मध्यस्थी नाही. एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी किंवा घर असेल तर आधी संरक्षणाची सोय, मग खुर्च्या. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्येच सांगितले होते की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह कमी होत नाहीत; भेटीत बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. धमक्या चालू असतील, किंवा एक बाजू वेळ काढण्यासाठीच आली असेल, तर मध्यस्थाने काम सोडावे.

एक भेसळही टाळावी. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला या राज्यशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मायामीत केलेला, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पुष्कळदा सांगितला जातो: दारावर जाऊन सुमारे दहा मिनिटे, निवाडा न करता ऐकत झालेल्या बोलण्याने ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून होता. प्रयोग चांगला आहे. पण ते मतपरिवर्तनाचे काम आहे. मतपरिवर्तनाचा हेतू पोटात ठेवून संवादाचे निमंत्रण दिले, तर ते लोकांच्या लक्षात येते.

सर्वांत दुर्लक्षित टप्पा परतीचा. बैठकीला गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आपल्याच लोकांत 'तिकडचा झालास का?' हे ऐकावे लागते. म्हणून शेवटची वीस मिनिटे राखून ठेवावीत आणि प्रत्येकाने आपल्या लोकांना काय सांगणार, ते दोन वाक्यांत तिथेच लिहावे, मोठ्याने वाचावे, समोरच्या बाजूने ऐकावे. अशी तयारी नसली की माणूस घरी पोचल्यावर निष्ठा सिद्ध करण्यासाठी आधीपेक्षा कडवे बोलतो.

जाता जाता आपल्यासाठी एक सूचना. एकाच विषयावर दोन विरोधी लेख शेजारी शेजारी छापण्याची पद्धत वर्तमानपत्रांत आहे. त्यात दोघेही आपापल्या वाचकांशीच बोलतात. यापुढे प्रत्येक लेखाच्या डोक्यावर शंभर शब्दांची एक चौकट घ्यावी: त्यात लेखकाने प्रतिपक्षाचे म्हणणे लिहायचे, आणि 'हो, हेच माझे म्हणणे' अशी प्रतिपक्षाची लेखी संमती आल्याशिवाय ती चौकट छापायची नाही. दुरुस्तीच्या तीन फेऱ्या द्याव्यात. तरीही संमती आली नाही तर ती शंभर शब्दांची जागा कोरी ठेवावी आणि खाली तेवढे कारण छापावे.

आपले,
मध्यस्थीचे प्रशिक्षण देणारे काही वाचक